पायाखालचा क्लच

“काकू, मागणी काय लिहू?” विभावरीनं पेनचं टोपण दातात धरून विचारलं.

“लिही, की या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी मला गाडी शिकवली नाही.”

“ते तक्रारीत आलं. मागणी म्हणजे तुम्हाला ग्राहक मंचाकडून काय हवंय ते. फी परत, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. सगळे असंच लिहितात.”

“मला फी नको, भरपाई नको. या बाईला गाडी शिकवलीच नव्हती, एवढं मंचानं म्हणावं. शिक्का मारून म्हणावं. झालं.”

“नुसतं म्हणून नाही हो सोडत मंच. काहीतरी मागावं लागतं.”

“मग तुझ्या मनानं काय ते माग. पण पहिलं वाक्य माझं राहू दे.”

विभावरी आमच्याच माडीवर भाड्यानं राहायची. वकिलीची सनद मिळून तिला वर्षही झालं नव्हतं. काळा कोट अजून कडक होता आणि अशील म्हणावं असं तिच्याकडे मी एकटीच. तिनं मुकाट्यानं माझं वाक्य लिहून घेतलं. मी प्राथमिक शाळेत उभा जन्म काढलेला. अख्खं कोरेगाव मला ‘बाई’ म्हणतं. वकील झाली म्हणून काय, ती पोरगी मला उलटून बोलणार नव्हती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा ग्राहक मंच म्हणायचे, आता आयोग म्हणतात. नाव मोठं झालं.

आमचे हे साताऱ्याला कोर्टात कारकून होते. मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे चालतात ना, त्या खात्यात. नोकरीत लागले ते त्या टेबलावर आणि निवृत्त झाले तेही त्याच टेबलावरून. घरी आले की कामाबद्दल चकार शब्द नाही. मी विचारलं तर म्हणायचे, “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि मालू, चढलीच तर घरी येऊन सांगू नये.” निवृत्तीनंतर त्यांनी जुनी मारुती घेतली. ती चालवायचे कशी, तर मागून येणाऱ्या बैलगाडीनंही हॉर्न द्यावा अशी. मी चिडवायची, “अहो, उतरून चालत गेलो तर लवकर पोचू.” ते हसायचे, आणि गाडी आणखी सावकाश न्यायचे.

मग एकदा त्यांना छातीत दुखलं. थोडक्यावर निभावलं. पण डॉक्टरांनी बजावलं की आता यांनी एकट्यानं गाडी चालवायची नाही, आणि पुन्हा असं काही झालं तर वेळ न घालवता साताऱ्याला आणायचं. दवाखान्याच्या बाहेर आल्या आल्या मी म्हटलं, “मी गाडी शिकते.”

“शिक की,” ते म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले, तरी मला नवल वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. यांनी मला कशालाच कधी नाही म्हटलं नव्हतं. नोकरी करते म्हटलं, कर. बी. ए.ला बाहेरून बसते म्हटलं, बस. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यावरून सासरच्यांनी काय काय ऐकवलं, पण यांनी माझ्यावर एक अक्षर येऊ दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जाऊन एसटी स्टँडजवळच्या सारथ्य मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझं नाव घालून आले.

स्कूल म्हणजे एक गाळा, त्यात एक टेबल आणि टेबलामागे अविनाश कणसे नावाचा मालक. गळ्यात सोन्याची साखळी, कानाला फोन. शिकवायला मात्र मुगुटराव नलवडे होते. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पांढऱ्या मिशा, पांढरी टोपी, बोलणं हळू. त्यांची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे ते मला शिकवताना स्वतःच शाळेत बसल्यासारखे बसायचे.

रोज सकाळी आम्ही रहिमतपूरच्या रस्त्याला जायचो. त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेकची पेडलं असतात, हे मला दिसत होतं. पण ती अडीअडचणीला, असा माझा समज.

“बाई, पाय हालका ठिवायचा. जोर न्हाई लावायचा. नुस्ता टेकवायचा,” मुगुटराव सांगायचे.

मी टेकवायची. आणि काय सांगू, माझ्या पायाखाली क्लच लोण्यासारखा खाली जायचा, तसाच अलगद वर यायचा. गाडी एकदाही बंद पडली नाही, एकदाही गचका बसला नाही. स्कूलमधल्या इतर बायका रडत घरी यायच्या, मी गात यायची. चहा करता करता यांना सांगायची, “अहो, मी मनात आणायचा अवकाश, क्लच आपसूक खाली जातो. गाडीला कळतं हो माणूस कोण बसलंय ते.” ते बशीत तोंड घालून हसायचे. मला वाटायचं, कौतुकानं हसतात.

परीक्षेला स्कूलचीच गाडी होती आणि शेजारी मुगुटरावच. पहिल्या फटक्यात पास. मी आळीत पेढे वाटले. लायसन आलं तेव्हा यांनी ते देवापुढे ठेवलं आणि त्याला हळदीकुंकूही वाहिलं. पण आमची गाडी काही माझ्या हाती येईना. आज बाजार आहे, उद्या काढ. आज उसाचे ट्रॅक्टर असतील, परवा बघू. डॉक्टरांनी नको सांगितलेलं असताना हेच स्टिअरिंगला बसायचे. “लायसन काय चौकट करून भिंतीवर लावू?” मी कुरकुरायची. तेवढ्यापुरती कुरकुर, मग विसरून जायची. मला येत होतं ना. वेळ आली की काढली असती.

वेळ आली ती एका लग्नाच्या तिथीला. आळीतली निम्मी माणसं लग्नाला गेलेली. सकाळची कामं उरकून मी भाजी निवडत होते. हे ओट्यावर बसले होते ते भिंतीला टेकले, आणि त्यांच्या शर्टाची पाठ घामानं भिजलेली मला दिसली. मी किल्ली घेतली. त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं, शेजारच्या सीटवर. मला मुळीच भीती वाटली नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी स्टिअरिंगमागे बसले, किल्ली फिरवली, क्लचवर पाय हलकेच टेकवला आणि तो खाली जायची वाट बघितली.

तो गेला नाही. मी गिअर टाकायला गेले तर करकर आवाज झाला. गाडी गचका देऊन बंद पडली. पुन्हा किल्ली, पुन्हा गचका, पुन्हा बंद. फाटकाशी पोचेपर्यंत किती वेळा बंद पडली ते मी मोजलं नाही. फाटकापुढच्या चढाला तर ती मागेच यायला लागली. मी रडत होते, शिव्या देत होते, गाडीला, स्वतःला. हे छातीवर हात धरून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “मालू, तुझं काही चुकत नाहीये.”

मग म्हणाले, “राहू दे. रिक्षा बघ.”

रिक्षा मिळाली नाही. गुळाच्या बाजारातून एक टेम्पो येत होता, त्याच्यापुढे मी आडवी झाले. साताऱ्याला पोचलो. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “जरा आधी आणायला हवं होतं, बाई.”

दहाव्याला नदीवर यांचे थोरले भाऊ, अण्णा भावजी, चारचौघांत म्हणाले, “गाडी दारात, लायसन पर्समध्ये, आणि माणूस गेला.” त्यानंतर हे वाक्य गावभर फिरलं. किराणा दुकानात मी गेले की बायका गप्प व्हायच्या, म्हणजे तेच चाललेलं असायचं. आणि खरं सांगायचं तर गावाला कशाला दोष देऊ, मीही रोज स्वतःला तेच वाक्य ऐकवत होते. येत असून ऐन वेळेला माझे हातपाय गळाले, मी माझ्या माणसाला मारलं. जेवण जात नव्हतं.

महिन्याभरानं मी गॅरेजच्या मुलाण्यांना बोलावून गाडी दाखवली. म्हटलं, हिच्यात काहीतरी दोष असणार. त्यांनी बसून एक चक्कर मारली. गाडी ठणठणीत. मग मला बसवलं आणि म्हणाले, “दाबा क्लच.” मी पाय टेकवला. “दाबा की बाई.” “दाबलाय,” मी म्हटलं. त्यांनी वाकून खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“बाई, तुमी कधी क्लच दाबलेलाच न्हाई. शेजारचा मानूस त्याचं पेडल दाबतोय ना, की तुमचंबी त्याच्यासंगं खाली जातंय.”

मी पहिलीच्या पोरांना हात धरून अक्षरं गिरवायला शिकवलंय. पहिले काही दिवस हात धरायचाच असतो. पण मग सोडायचा असतो. धरून ठेवला तर पाटीवर अक्षर सुंदर येतं, पण ते पोराचं नसतं. हे ज्याला कळत नाही त्यानं शिकवायचा धंदा करू नये. त्या संध्याकाळी मी जिना चढून विभावरीकडे गेले. मी जेवले नव्हते हे तिच्या लक्षात आलं, तिनं आधी ताट वाढलं. आणि त्या दिवसापासून मी जेवायला लागले. कारण आता मला काहीतरी मिळवायचं होतं. अण्णा भावजींच्या हातात ठेवायला एक कागद.

कणसेचं उत्तर आलं: तक्रारदार वयस्कर असून त्यांची ग्रहणशक्ती मंद होती, तरी आमच्या संस्थेनं पूर्ण प्रशिक्षण दिलं. ‘ग्रहणशक्ती’ हा शब्द वाचून माझं पित्त असं खवळलं की विभावरीला मला पाणी आणून द्यावं लागलं. पण तारखा चांगल्या चालल्या होत्या. मुलाण्यांचं प्रतिज्ञापत्र झालं होतं. मंचाच्या अध्यक्षांनी कणसेच्या वकिलाला दोनदा विचारलं होतं की ट्रेनरला आणत का नाही? विभावरी मला हळूच म्हणायची, “काकू, जमणार आपलं.”

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मुगुटराव आले. फाटकाच्या बाहेर उभे राहिले, आत येईनात.

“या की. केस तुमच्या मालकावर आहे, तुमच्यावर नाही,” मी म्हटलं. मनात राग होता, पण दारात उन्हात उभ्या माणसाला घरात घ्यायचं नाही, असं आमच्याकडे नव्हतं.

ते ओट्याच्या कडेला टेकले. पाणी दिलं ते हातात धरून बसले.

“बाई, उद्या मला शपथंवर बोलायचं हाय. मालक म्हनले, चल. त्या आदी तुमी ऐकावं म्हून आलो. तितं चार लोकांत एकदम तुमच्या कानावर पडाय नगं.”

“काय ऐकायचं? तुमचे पाय पेडलवर होते, हेच ना? ते मला ठाऊक आहे.”

“व्हय. माझंच पाय हुतं. पैल्या दिसापास्नं ते परीक्षेपतूर.”

“का पण, मुगुटराव? तुमच्या पोरीला मी असं शिकवलं होतं का?”

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“तुमचं सायेब आलं हुतं माझ्याकडं. तुमचं नाव घातलं त्या दिशी.”

“ठाऊक आहे. त्यांनीच नाव घातलं.”

“नाव घालून भायेर आलं. मी गाडी पुसत हुतो. म्हनले, मुगुटराव, माझं एक काम करायचं. हिला शिकवू नका.”

मी उभी होते ती त्यांच्यासमोर खाली बसले.

“म्हनले, जल्मभर मी अपघाताची कागदं लावली. फोटू बघितलं. रस्त्यावर पडलेल्या बाया बघितल्या, त्यांच्या चपला, त्यांचं डबं. हिला मी न्हाई म्हनू शकत न्हाई, माझी जीभच उचलत न्हाई. माझ्यापायी शिकतीया ती. तर तिला वाटू द्या आपुनच चालवतोय. पाय तुमचं असू द्यात. लायसन निघालं की म्होरलं मी बघतो. गाडी तिच्या हातात जाऊ देत न्हाई.”

“आणि तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं तवा. घरी जाऊन मंडळींला सांगितलं, बाईंचा मालक बग, बायकूला किती जपतोय.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आन् सायेबच चालवनार म्हनले. मला काय म्हाईत, सायबांनाच न्यायची पाळी येईल.”

तेवढ्यात मला ते आठवलं. तुझं काही चुकत नाहीये. मला वाटलं होतं, जाता जाता माणूस बायकोची समजूत काढतोय. समजूत नव्हती ती. त्यांना ठाऊक होतं. छातीत कळा येत असताना, मी किल्ली फिरवून फिरवून रडत असताना, त्या गाडीत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं की ती का चालत नाही.

मला त्यांचा राग आला. लग्नानंतर पहिल्यांदा इतका राग आला, आणि भांडायला माणूस नव्हता. भिंतीवरच्या फोटोला काय बोलणार? अहो, मला नाही म्हणायचं होतं की. मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, माहेरी जाते म्हटलं असतं. पण रिक्षावाल्याचा नंबर तरी लिहून ठेवला असता. शेजारच्या पोराला तरी सांगून ठेवलं असतं. मला येतं म्हणून मी निश्चिंत राहिले हो. तुम्ही मला निश्चिंत ठेवलंत.

“कणसेला हे कसं कळलं?” मी विचारलं.

“नोटीस आली तवा त्यानं मला फैलावर घेतलं, तवा मी सांगून बसलो. येवडे दिस मी उद्या येतो, परवा येतो म्हून टाळलं. केस हातची जाती म्हनल्यावर आता तो म्हनतोय, सायबांचं नाव सांग; त्याला न्हाई म्हनता येत न्हाई. आन् बाई, हात जोडून सांगतो, शपथ घिऊन खोटं बोलनं माझ्यानं व्हायचं न्हाई.”

खोटं बोला, असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? खोटं बोलू नये, हे त्यांच्या पोरीकडून मीच पाटीवर लिहून घेतलं असणार.

विभावरीला सांगितलं तेव्हा तिनं आधी केसची फाईल चाळली. मग एकदम उजळली. “काकू, तरी आपलीच बाजू भक्कम! विद्यार्थी तुम्ही होता. नवरा काही का सांगेना, फी घेतली म्हणजे शिकवायला ते बांधलेले. उलट ट्रेनरनं कबूलच केलं. आपण जिंकलो!”

“आणि निकालात काय लिहितील?”

“हेच. प्रशिक्षण दिलं नाही असं.”

“कुणाच्या सांगण्यावरून दिलं नाही, ते लिहितील ना?”

तिनं हातातली फाईल मिटली.

“लिहितील,” मीच म्हटलं. “तक्रारदाराच्या मयत पतीच्या सांगण्यावरून. ह्यांच्या खात्यातली माणसं तो कागद वाचतील. अण्णा भावजी वाचतील. तिथून गावात येईल. आज म्हणतात, बायकोच्या नेभळटपणापायी गेला. उद्या म्हणतील, स्वतःच्या शहाणपणापायी गेला. हसतील गं. एवढा कायदा जाणणारा माणूस, आणि बघा काय करून बसला. झाकली मूठ उघडायची नाही, विभावरी. केस मागे घे.”

“काकू, मग तुमचं काय? तुम्हाला जे हवं होतं ते...”

“ते मला मिळालंय. आज दुपारी मिळालंय.” असं मी म्हटलं खरं. पण मिळून काय उपयोग, कुणाला दाखवता येत नाही असं मिळालेलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला मंचाच्या खोलीत जरा जास्तच गर्दी होती. यांच्या खात्यातले दोघं जुने सोबती मुद्दाम येऊन मागच्या बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी उठून नमस्कार केला. अण्णा भावजी कडक इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. कणसे साखळीशी खेळत होता. मुगुटराव दाराशी उभे. पुकारा झाला तशी विभावरी उठली आणि म्हणाली, तक्रारदार तक्रार मागे घेऊ इच्छितात.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. “का? कुणी दबाव आणलाय का, बाई?”

“नाही साहेब.”

“तडजोड झाली?”

“नाही.”

कणसेचा वकील ताडकन उठला. त्याला आयतं मैदान मिळालं होतं. “साहेब, अशी कशी मागे घेतात? आमच्या अशिलाची तालुकाभर बदनामी झाली. आमचा ट्रेनर आज हजर आहे. त्याला विचारा. का शिकवलं नाही ते त्याच्या तोंडून रेकॉर्डवर येऊ द्या. मग घ्या म्हणावं मागे!”

अध्यक्षांनी शेजारच्या सदस्य बाईंकडे बघितलं, मग दाराकडे. “या, ट्रेनर कोण आहेत ते पुढे या.”

मुगुटराव पुढे आले. टोपी हातात. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की हा माणूस आता तोंड उघडणार आणि खरं तेच बोलणार.

“थांबा,” मी म्हटलं. विभावरीनं माझा हात धरला, तो मी सोडवला. “साहेब, त्यांना विचारायची गरज नाही. मी सांगते.”

“सांगा.”

“मला गाडी शिकवली होती. व्यवस्थित शिकवली होती. शिकवण्यात कसूर नव्हती. मलाच आली नाही.”

सदस्य बाई पुढे झुकल्या. “बाई, तुमच्या मेकॅनिकचं प्रतिज्ञापत्र तर वेगळंच सांगतंय.”

“त्यांनी माझी दया येऊन तसं लिहून दिलं. मी वयस्कर. माझी ग्रहणशक्ती कमी. त्या दिवशी मी घाबरले, मला गाडी काढता आली नाही. माझ्या नवऱ्याच्या मरणाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडावं म्हणून मी आले होते. चुकले.”

जे वाक्य पुसायला मी इथवर आले होते, ते मी माझ्या तोंडानं बोलले, माझ्याच भाषेत, नीट सावकाश, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात. टंकलेखक बाईनं ते टाइप केलं. त्यावर माझी सही झाली. कणसेच्या वकिलाला आणखी काय हवं होतं? तो खाली बसला. अध्यक्षांनी मुगुटरावांना जायला सांगितलं, आणि तक्रार निकाली निघाली.

बाहेर जिन्यात अण्णा भावजींनी गाठलं. “कबूल केलंस ते बरं केलंस हो. आता तुझंही मन हलकं झालं असेल,” ते म्हणाले. मी मान हलवली. यांच्या सोबत्यांनी या खेपेला नमस्कार केला नाही. एकानं दुसऱ्या बाजूला बघितलं, एक नुसताच निघून गेला. जाऊ देत. मागच्या बाकावर त्यांनी माझ्याबद्दल जे ऐकलं ते ऐकलं, ह्यांच्याबद्दल काही ऐकलं नाही. विभावरी कोपऱ्यात तोंड वळवून रडत होती. तिची पहिली केस. मी तिला जवळ घेतलं, तर ती आणखीच रडायला लागली.

आवारात लिंबाखाली मुगुटराव माझी वाट बघत उभे होते. मिशा ओल्या झाल्या होत्या, पुसायचंही भान नव्हतं त्यांना.

“बाई, असं का केलंत?”

“तुम्ही खरं बोलला असतात म्हणून.”

ते पायाकडे बघत राहिले. मग घाईघाईनं बोलले, जणू आत्ता नाही बोलले तर पुन्हा बोलता येणार नाही. “उद्यापास्नं माझ्याकडं या. न्हाई, मीच येतो. मालकाची गाडी नगं, तुमचीच काढू. तिला माझ्या बाजूला पेडलच न्हाई. मी नुस्ता बसतो, मांडी घालून बसतो पायजेल तर. बंद पडू दे, गचके बसू देत, म्हैनाभरात तुमास्नी साताऱ्याचा रस्ता येतोय का न्हाई बगा. एक पैसा नगं मला.”

खरंच शिकवलं असतं त्यांनी. आणि मीही शिकले असते, मंदबिंद काही नव्हते मी.

“शिकेन हो, मुगुटराव,” मी म्हटलं. “पण आता नेऊ कुणाला?”